कोरड्या चरात बुडालेला माणूस

१

"मावशी, तुझ्या चरात माणूस बुडालाय."

सकाळी सकाळी असा फोन आल्यावर चहा घशाखाली उतरेल का सांगा. फोन माझ्या भाचीचा, अश्विनीचा. ती श्रीगोंद्याकडच्या एका ठाण्यात फौजदार आहे. मी लीना. जन्मभर मृदा सर्वेक्षणात नोकरी केली, म्हणजे सरकारी पगारावर माती चिवडली, आणि आता नगरला सावेडीत गुडघे शेकत बसलेय. काष्टीच्या पलीकडं एका गावाच्या गायरानात पाणी अडवायला आडवे चर खणलेत. त्यांच्या जागा मी ठरवल्या होत्या, म्हणून घरात सगळे त्यांना माझे चर म्हणतात. गावाचं नाव मी सांगणार नाही. त्या लोकांना अजून तिथंच राहायचंय.

"बुडाला? पाणी किती आहे चरात?"

"तेच तर! थेंबसुद्धा नाही."

मी कप खाली ठेवला.

मेलेला माणूस बन्सी, गायरानाचा राखणदार. परवा दुपारी हस्ताचा पाऊस झोडपून गेला आणि दिवस मावळायच्या आत उघडला. काल सकाळी गवताला निघालेल्या बायकांना बन्सी चरात पालथा दिसला. अंगावर ओरखडा नाही. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात पाणी आहे, बुडून मेलाय. आणि चर ठणठणीत कोरडा.

"साहेबांनी वैजनाथला उचललाय," अश्विनी म्हणाली. "मेंढपाळ आहे. त्याचं पाल चरापासून हाकेच्या अंतरावर. पालाशेजारी मेंढरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद. साहेबांचं म्हणणं, हौदात बुडवला आणि चरात आणून टाकला."

"कशासाठी?"

"दिवाळीपर्यंत गायरानात चराईबंदी असते. त्यावरून दोघांचं रोजचं भांडण. काष्टीच्या बाजारात वैजनाथ चारचौघांत ओरडला होता, 'बन्स्या, तुला पान्यात बुडवून मारीन.' शिवाय परवा अंधार पडताना तो बॅटरी घेऊन माळावर सैरावैरा पळत होता, लोकांनी पाहिलंय. आज दुपारी त्याला कोर्टात उभा करणार. खुनाचा गुन्हा."

"तुला काय वाटतं?"

"तो एकच वाक्य बोलतो. माझी मेंढरं बघा. साहेब म्हणतात, नाटक आहे." तिचा आवाज खाली आला. "एकदा का खून म्हणून कागद रंगले की तो माणूस वर्षानुवर्षं आत सडेल, मावशी. ये ना."

गुडघे गेले खड्ड्यात, म्हटलं, आणि निघाले.

२

माळ तसाच होता, जसा मी सोडला होता. वर खड्यांचा थर, खाली भरड वाळू, त्याखाली मुरूम. बारीक माती पाऊस धुऊन नेतो आणि खडे तेवढे मागं राहतात, फरशी घातल्यासारखे. मधूनमधून पवन्या गवताचे झुबके आणि साडीला झोंबणारं कुसळ. लोक याला बरड म्हणतात, नाकं मुरडतात. मला हीच जमीन आवडते. इथं कुणाचं ढोंग चालत नाही.

चराच्या तळाशी मी हात घातला. वीतभर खाली नुसती ओल, वर मात्र कोरडं.

"तुझ्या जीपमधली पाण्याची कॅन ओत इथं," मी अश्विनीला म्हटलं. तिनं ओतली. खड्यांतून बुडबुडे आले, चुरचुर आवाज झाला आणि बघता बघता पाणी पोटात गेलं. अश्विनी रिकामी कॅन धरून उभीच राहिली.

"म्हणजे परवा पाऊस थांबला तेव्हा हा चर भरलेला असणार?"

"काठोकाठ. आणि झोपायच्या वेळेला रिकामा. म्हणून तर इथं चर खणायचे, बाई. पाणी जिरवायला."

"मग कुणीतरी भरलेल्या चरातच त्याला..."

"थांब. आधी सांग, साहेबांना वैजनाथच का हवाय? बाहेरचा कुणी का नको?"

"कारण चाकांची खूण नाही, पावलं नाहीत. पावसानंतर बाहेरून कोणी आलं असतं तर काही तरी उमटलं असतं की."

"तुझी जीप आत्ता कुठून आली?"

तिनं मागं वळून पाहिलं. आम्ही आलो तो सगळा माळ स्वच्छ होता, जसा काही कोणी त्यावर चालून गेलंच नाही. अश्विनीनं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात पालाकडून रेश्मा आली. वैजनाथची बायको. डोळे सुजलेले, पण पदर कमरेला खोचलेला. तिच्या मागं एक मेंढी सारखी ओरडत होती. इतकी कर्कश, की मला रेश्माचं बोलणं ऐकू येईना.

"ह्यांनी कुनाला मारलं न्हाई, बाई," रेश्मा म्हणाली. "पावसात इजा कडाडल्या, मेंढरं फुटली, पार खाली काळ्या रानापतुर गेल्ती. गोळा करून आनली तर एक कोकरू कमी. तेच हुडकीत हुते हे बॅटरी घिऊन."

"पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितलं की. साहेब म्हनले, लांडग्यानं नेलं आसंल, कोकराचं काय घिऊन बसली." मी हाकल म्हटलं तसं तिनं मेंढीला हाकललं. ती पुन्हा आली आणि पुन्हा ओरडली. "बाजारात बोलले ते रागात बोलले. बन्सीभाऊ तरी काय कमी हुता? त्यो ह्यांच्या कुळाचा उद्धार करायचा. आन् सांजच्याला येऊन आमच्याच चुलीवर चा प्यायचा."

अश्विनीनं जीपमधून एक पिशवी आणली. बन्सीच्या चपला. चराच्या काठावर जोडीनं ठेवलेल्या सापडल्या होत्या. टायरच्या तळाच्या जाड चपला, आणि तळाला बोटभर काळा चिखल, वाळून भेगाळलेला.

मी चष्मा लावला. एक चप्पल उलटी केली, मग दुसरी. चिखल नखानं उकरून बघितला. परत बघितला.

"मावशी, काय झालं?"

"ह्या चिखलात एकही खडा नाही."

"मग?"

"मग परवाच्या पावसानंतर हा माणूस या माळावर आपल्या पायांनी आलेलाच नाही."

३

अश्विनीला पटवायला फार वेळ लागला नाही. तिच्या बुटाला पाणी लावलं, रस्त्याकडेच्या काळ्या मातीत दोन पावलं टाकायला लावली आणि मग माळावर चालवलं. तळाला खडे असे चिकटले, जसे लाडवाला तीळ. चिकण माती पायाला लागलेली असताना मुरमावरून गेलात तर मुरूम तुम्हाला सोडत नाही.

"म्हणजे तो काळ्या रानात चालला आणि तिथून त्याला कुणीतरी उचलून आणलं," अश्विनी म्हणाली. "चपलांसकट."

"आणि आता पाणी शोध. बुडायला पाणी लागतं. इथं आसपास पाणी कुठं कुठं आहे?"

"वैजनाथचा हौद. तो माळावरच आहे, म्हणजे बाद. मग माळाच्या पायथ्याला छगनची विहीर. छगन बन्सीचा चुलतभाऊ, त्याचंही बन्सीशी वाकडं. आणि खाली काळ्या रानात राधाकृष्णचं शेततळं."

छगनच्या विहिरीवर गेलो. आम्हाला बघून त्याचा चेहरा उतरला. परवा कुठं होतास विचारलं तर त त प प करायला लागला. विहिरीमागं ताडपत्री होती. अश्विनीनं ती ओढली. खाली गवत. बंदीतल्या गायरानातलं हिरवंगार गवत, पेंढ्या बांधून ठेवलेलं.

छगननं सरळ पायच धरले. "गवत चोरलं, मॅडम! मानूस न्हाई मारला! बन्सीनं एकदा पकडलं हुतं, समद्या गावाम्होरं आब्रू काढली. म्हनून बोलत नव्हतो त्याच्याशी. पर भाऊ हुता त्यो माझा."

मी मात्र पायाखाली बघत होते. विहिरीपर्यंतची सगळी वाट मुरमाची, विहिरीचा काठही मुरमाचा. इथं बुडालेल्याच्या चपलेला खडे लागलेच असते. छगन सुटला, गवताचं काय करायचं ते गाव बघेल.

राधाकृष्णच्या घरी आमचं स्वागत झालं. कालव्याखालची जमीन, ऊस, लिंबाची बाग, दारात टेम्पो. टेम्पोत कडबा भरलेला, वरून निळ्या नायलॉनच्या दोरानं आवळलेला. दोराला थोड्या थोड्या अंतरावर गाठी होत्या. मला जरा नवल वाटलं, ओझं बांधायच्या दोराला कुणी गाठी मारतं का? पण चहा आला आणि ते राहून गेलं.

"लई वाईट झालं बन्सीचं," राधाकृष्ण म्हणाला. पन्नाशीचा, पांढरी टोपी, बोलणं मवाळ. त्याची नजर अश्विनीच्या हातातल्या चपलांवर गेली. "माझ्या रानातूनच जायचा रोज. चिखल लागनारच की चपलांला. माळावर ग्येला, चराच्या काठावरनं घसरला, पडला पान्यात. तुमी लोकांनी उगं त्या वैजनाथाला धरलाय."

"पण चरात पाणी नव्हतं," अश्विनी म्हणाली.

"आसं कसं? येवढा पाऊस झाल्यावर चर आठ आठ दिस आटत न्हाईत. माझ्या उसातलं डबकं बघा, अजून हाय."

"तुम्ही माळावर कधी गेला होता?" मी विचारलं.

"माळावर? आमचं काय काम तिथं? धा वर्सांत पाऊल टाकलं नसंल. दगडधोंडे नुस्ते."

मी चहा संपवला. चांगला होता, आलं घातलेला.

घरामागं शेततळं दिसत होतं. उतारावर काळा प्लॅस्टिकचा जाड कागद, चकचकीत, ओला. चारी बाजूंनी नुसता उघडा बांध. खांबांचे खड्डे मात्र होते.

"कुंपण कुठं गेलं?"

"लिंबाला लावली तार. रानडुकरं लई झाल्यात," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यानं माझ्या नजरेला नजर दिली नाही.

जीपमध्ये बसताच मी अश्विनीचा हात धरला. "ऐक. बुडालेलं प्रेत भरलेल्या चरात कोण ठेवील? ज्याला वाटतं की सकाळपर्यंत पाणी राहील, लोक म्हणतील घसरून बुडाला. वैजनाथ त्या माळावर झोपतो, उठतो. चर रात्रीत रिकामा होतो हे त्याला ठाऊक आहे. ही चूक वैजनाथ करूच शकत नाही. ही चूक काळ्या रानातल्या माणसाची आहे."

"पटलं. पण साहेबांना हे सांगू? माती बघून आरोपी सोडा म्हणून?" तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऐकता ऐकता तिचा चेहरा पडला. "वेळेआधीच निघतायत. वैजनाथला गाडीत बसवतायत."

४

"तू साहेबांना थोपव," मी म्हटलं. "काहीही सांग, गाडी पंक्चर कर! मी बन्सीच्या बायकोला भेटते."

साळूबाई ओसरीवर बसली होती, आजूबाजूला भावकीतल्या बायका. मला वाटलं होतं रडत असेल. ती रडत नव्हती.

"फाशी द्या त्या वैजनाथाला," ती म्हणाली. "त्याच्या चुलीवरचा चा पिऊन यायचे हे. त्या हातानं मारलं मेल्यानं."

मी शेजारी बसले. तिच्या हातावर हात ठेवला. मग हळूच विचारलं, "बन्सी राधाकृष्णच्या तळ्याकडं जायचा का?"

"जाऊ नका म्हनलं तरी जायचे. उनाळ्यात तिथं वासरू बुडलं. कागदावर पाय ठरत न्हाई, बाई, आत ग्येलं की भायेर येता येत न्हाई. कुंपन घाला, कुंपन घाला, म्हनून त्या राधाकृष्णाच्या दारात चपला झिजवल्या ह्यांनी. त्यानं हाये तेबी काढलं." तिनं नाक पुसलं. "मग घरातला चांगला निळा दोर न्येला. हितं, ह्या उंबऱ्यावर बसून गाठी मारल्या त्याला. म्हनलं, दोराचं वाटुळं करताय. तर म्हनले, पडलेल्या मानसाला हाताला धराय पायजे. खुटीला बांधून तळ्यात सोडून आले."

निळा दोर. गाठी.

बाहेर येऊन अश्विनीला फोन लावला. तिनं ऐकलं आणि करवादलीच. "दोर कुठल्याही दुकानात मिळतो, मावशी! तो म्हणेल मी विकत आणला. आणि बन्सी तळ्यात उतरलाच का? कागद घसरतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? चपलांचा चिखल पाण्यात धुतला गेला नाही, म्हणजे त्या काठावर काढून तो स्वतः उतरला, ढकललेला नाही. शहाणा माणूस कशासाठी उतरेल?"

खरंच, कशासाठी? जीव धोक्यात घालून माणूस पाण्यात उतरतो तो दुसऱ्या जिवासाठीच. पण गावातलं कुणी बेपत्ता नव्हतं. माणूस तर कुणीच बेपत्ता नव्हता.

आणि मग माझ्या कानात ती मेंढी ओरडली. सकाळपासून ओरडत होती, आणि मी बावळट तिला हाकलायला सांगत होते!

"अश्विनी, साहेबांना घेऊन राधाकृष्णच्या दारात ये. वैजनाथलाही आण. आणि वाटेत रेश्माकडून ती ओरडणारी मेंढी जीपमध्ये घाल."

"पोलीस जीपमध्ये मेंढी?"

"हो, मेंढी! सीटवर कागद टाक हवं तर."

५

साहेबांचा पारा चढलेला होता. "मॅडम, तुमच्या वयाचा मान ठेवून आलोय. कोर्टाची वेळ टळली तर जबाब मला द्यावा लागेल."

गाडीत मागं वैजनाथ बसला होता. उन्हानं रापलेला, दाढी वाढलेला. हातातली बेडी मांडीवर ठेवून त्यानं मेंढीकडं बघितलं. "पान्हा दाटलाय तिला," तो एवढंच म्हणाला.

राधाकृष्ण दारात आला. टोपी नीट केली. "काय झालं, साहेब?"

"तुमच्याकडं मेंढरं आहेत का हो?" मी विचारलं.

"न्हाईत. आमाला गाईच आवरत न्हाईत."

"आपल्या खंडोबाची शपथ?"

"आवो, आता शपता कशाला घ्याय लावता..."

मी हवालदाराला खूण केली. त्यानं मेंढीला खाली उतरवलं. ती अंगणात उभी राहिली, मान वर केली आणि ओरडली. कुठंच काही नाही. गोठ्यात गाई रवंथ करत होत्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. मेंढी पुन्हा ओरडली, आता घोगरी, आतडं पिळवटून. अश्विनी माझ्याकडं बघेना. लांडग्यानं खरंच नेलं असेल तर? मग हा गाडीतला माणूस गेला आणि मीच त्याला आशा लावून गेले.

तिसऱ्यांदा मेंढी ओरडली, आणि पाण्याच्या मोटारीच्या बंद खोलीतून बारीक आवाज आला.

"बेंऽऽ..."

मेंढी सुसाट धावली. दारावर टकरा मारायला लागली. हवालदारानं कडी काढली तसं एक काळं-पांढरं कोकरू धडपडत बाहेर आलं, पाठीवर वैजनाथच्या खुणेचा तांबडा रंग, आणि सरळ आईच्या पोटाखाली घुसलं. वैजनाथ गाडीत ओक्साबोक्शी रडायला लागला.

राधाकृष्ण पायरीवर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी मारलं न्हाई त्याला," तो म्हणाला. "दिवस मावळताना मोटार बंद कराय गेल्तो. कोकरू बांधावर थरथरत हुतं, चपला काढून ठिवल्याल्या, आन् बन्सी पान्यात पालथा. कोकरू त्यानं वर फेकलं आसनार. त्याला काय वर येता आलं न्हाई."

"दोर होता ना?" मी विचारलं.

त्यानं टेम्पोकडं बघितलं.

"राधाकृष्णराव, दोर होता ना तळ्यात?"

"हुता," तो म्हणाला. "त्यानंच बांधला हुता. कडबा बांधाय काय गावंना म्हनून मी आदल्याच दिवशी सोडून आनला. परत लावीन म्हनलं, ऱ्हाऊन ग्येलं." त्यानं गुडघ्यावरची टोपी मुठीत घेतली. "कुंपन काढल्यालं समद्या गावाला म्हाईत. वासराच्या वक्ताला पंचायतीनं तंबी दिल्ती. म्हनलं, आता मलाच धरत्याल. टेम्पोत कडब्यावर टाकून न्येला माळावर. चर भरल्याले दिसले. वाटलं, लोकांला वाटंल घसरला."

"आणि कोकरू?"

"सोडलं तर तळ्यावरच येऊन वरडायचं. मारावं म्हनलं, हात उचलंना."

मला भयंकर राग आला, तो अजून गेलेला नाही. "मेलेल्याला उचलून नेलंत ते भीतीनं, एक वेळ समजू. पण हा जिवंत माणूस खुनी म्हणून आत बसला आणि तुम्ही आम्हाला आल्याचा चहा पाजलात! कोकरावर हात उचलेना म्हणता, माणसावर कसा उचलला?"

त्यानं मान खाली घातली. साहेबांनी स्वतः जाऊन वैजनाथची बेडी काढली, याबद्दल मात्र त्यांना शाबासकी दिली पाहिजे.

६

साळूबाईला सांगायला मीच जाणार होते, पण बातमी माझ्या आधी पोचली होती. ती तळ्याच्या बांधावर येऊन उभी होती. समोर वैजनाथ. मघाशी ज्याला फाशी मागितली तो.

तिनं विचारलं, "कोकरू जगलं का?"

"जगलं, वैनी."

"बरं झालं."

ती अश्विनीकडं वळली. "मॅडम, टेम्पोतला दोर माझ्या घरचा हाय. द्या. मी बांधते परत."

अश्विनी तिच्याजवळ गेली. "ताई, तो आता पुरावा आहे. केस संपेपर्यंत नाही देता येत."

साळूबाई तशीच उभी राहिली, रिकाम्या हातांनी. वैजनाथ माळाकडं चालायला लागला. मला वाटलं, मेंढरांकडं निघाला. दोन दिवस त्यांच्याच नावानं जीव टाकत होता बिचारा. पण तो परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर दोर होता. पालाचा दोर, सोडून आणलेला. मागं रेश्मा पालाचं कापड गुंडाळत होती ते इथूनही दिसत होतं.

तो बांधावर मांडी घालून बसला आणि गाठी मारायला लागला. गाठ नीट बसेना. साळूबाई बघत राहिली, मग त्याच्याशेजारी बसली. दोराचं दुसरं टोक तिनं मांडीवर ओढून घेतलं.

"जवळजवळ मार, भाऊ," ती म्हणाली. "हे म्हनायचे, वल्या हाताला पुढली गाठ लई लांब वाटती."